नाईक यशवंत घाडगे : माणगाव ते मोन्टोने

16 नोव्हेंबर 1921 रोजी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगाव नावाच्या खेड्यात यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनचे युवराज मुंबईच्या बंदरात उतरले. राष्ट्रसभेने त्यांच्या स्वागतावर बहिष्कार पुकारला होता. एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची होळी झाली, शहरात दंगल उसळली, आणि ती शमेपर्यंत पन्नासहून अधिक माणसे मेली. 19 तारखेला तेच युवराज पुण्यात होते. तिथे त्यांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवण्यात आली. या स्मारकामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा पुढाकार होता. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी सांडलेल्या रक्ताची आठवणही त्या समारंभामागे होतीच.

एकाच आठवड्यात एका शहरात युवराजांच्या निषेधाची होळी, आणि दुसऱ्या शहरात त्यांच्याच हातून शिवस्मारकाची पायाभरणी. शालेय पुस्तकांतला महाराष्ट्र सहसा यांपैकी एकाच शहरात राहतो.

त्या आठवड्यात जन्मलेला पळसगावचा हा मुलगा 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, लढताना ठार झाला. वय बावीस. हुद्दा नाईक. पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यात शौर्यासाठी याहून मोठे पदक नव्हते.

परमवीर चक्र मिळवणाऱ्यांची नावे पाठ असलेली मुले महाराष्ट्रात गावोगावी सापडतात. घाडगे यांचे नाव त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. हा धागा त्यांच्या शौर्याविषयी आहे, आणि ते शौर्य कोणाच्या आठवणीत कोणत्या कारणाने राहिले याविषयीही.

आधी कोकण. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य घरांचा संसार मनीऑर्डरीवर चाले. खाचराचा तुकडा लहान, खोताचा वाटा मोठा, आणि पाऊस संपला की उरलेले आठ महिने काय करायचे हा प्रश्न. त्याची उत्तरे ठरलेली होती : मुंबईची गिरणी, गोदी, बोटीवरची नोकरी, नाहीतर पलटण. पलटणीत गेलेला माणूस पगार घरी पाठवी, रजेवर आला की गणवेशाच्या इस्त्रीसह त्याची पत वाढलेली असे, आणि म्हातारपणी पेन्शन मिळे. हे सगळे शौर्याइतकेच खरे आहे, आणि शौर्याच्या कथेत ते सांगितल्याने शौर्य उणे होत नाही.

हा मुलूख झोपलेलाही नव्हता. माणगावला लागूनच महाड. 1927 साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हा घाडगे पाच वर्षांचे होते. त्याच कुलाबा जिल्ह्यात 1930 साली चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे ज्या पिढीने पुढे युद्धात बंदूक उचलली, ती पिढी साम्राज्याचा आणि समाजाचा जाच डोळ्यांसमोर पाहतच वाढली होती.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात सक्तीची लष्करभरती नव्हती. युद्धाच्या आरंभी साधारण 2 लाखांचे असलेले सैन्य शेवटी 25 लाखांवर गेले, ते सारे स्वेच्छेने भरती झालेले. एवढे मोठे स्वेच्छासैन्य जगाने त्यापूर्वी पाहिलेले नव्हते. मात्र ‘स्वेच्छा’ हा शब्द जपून वापरावा लागतो. रिकाम्या कणगीसमोर उभ्या असलेल्या माणसाची इच्छा किती मोकळी असते, हे भरतीच्या नोंदवहीत लिहिले जात नाही. उलट बाजूने, या शिपायांना ‘भाडोत्री’ म्हणून निकालात काढणारे लेखनही अधूनमधून वाचनात येते. ते तर अधिकच अन्यायाचे. पगारासाठी भरती झालेला माणूस मशीनगनच्या तोंडावर धावून जातो तेव्हा त्याच्या मनात पगार असतो असे मानणे म्हणजे माणूसच न समजणे.

भरती सगळ्यांना सारखी खुलीही नव्हती. कोणत्या जाती ‘लढाऊ’ आणि कोणत्या नाहीत याचे इंग्रजांनी कोष्टक बनवले होते. मराठा पलटणींत दख्खनी मराठे आणि कोकणी मराठे असे वर्ग ठरवून जवान घेतले जात. ज्या महार शिपायांच्या बळावर मुंबईचे जुने सैन्य उभे राहिले होते, त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच कोष्टकाने बाहेर काढले. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले. घाडगे यांना जे दार उघडे होते, ते शेजारच्याच वाडीतल्या त्यांच्या वयाच्या मुलाला वर्षानुवर्षे बंद होते.

त्यांच्या बटालियनला स्वतःचा इतिहास होता. जुन्या क्रमानुसार ती 110 वी मराठा पलटण. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात ती सापडली होती. एप्रिल 1916 मध्ये तिथल्या फौजेने उपाशीपोटी शरणागती पत्करली, आणि पुढे कैदेत अनेकजण मेले. 1941 मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर हीच पलटण इटालियन फौजेशी लढली. तेव्हा तिचे नेतृत्व डेनिस रीड या अधिकाऱ्याकडे होते. पुढे उत्तर आफ्रिकेत रीड कैद झाले, इटलीतल्या कैदेतून निसटले, आणि 1944 मध्ये दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती म्हणून इटलीतच लढू लागले. त्यांची जुनी मराठा पलटण आता त्यांच्याच डिव्हिजनमध्ये होती.

‘नाईक’ या हुद्द्याविषयी थोडे. आजच्या वाचकाला तो लहान वाटतो, आणि अधिकाराच्या उतरंडीत तो लहानच होता. परंतु पायदळाची लढाई प्रत्यक्षात नाईकच लढतो. त्याच्या हाताखाली एक सेक्शन, म्हणजे आठ-दहा जवान. नकाशावर बाण जनरल काढतो. त्या बाणाच्या टोकाला झुडपाआडून डोके वर काढून ‘चला’ म्हणणारा माणूस नाईक असतो. एकेकाची सवय त्याला ठाऊक असते : कोणाला रात्री झोप लागत नाही, कोणाच्या घरून बऱ्याच दिवसांत पत्र आलेले नाही.

पत्रांचा उल्लेख सहज आलेला नाही. परदेशी आघाड्यांवरच्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचत, आणि त्यांतला मजकूर गोळा करून वरिष्ठांसाठी नियमित अहवाल तयार होत. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अभ्यासकांना वाचायला मिळतात. 1943–44 च्या अहवालांत लढाईपेक्षा महागाईची चिंता मोठी दिसते. धान्य मिळते का, कापड मिळते का, पाठवलेले पैसे पोचले का. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, आणि 1943 पासून मुंबईत रेशनिंग लागू झाले होते. इटलीच्या डोंगरात दोन वेळचे पोटभर अन्न खाणारा शिपाई घरच्यांच्या ताटाची काळजी करत होता.

आता इटली. जुलै 1943 मध्ये दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या. सप्टेंबरमध्ये इटलीच्या सरकारने शरणागती पत्करली. त्यानंतर जर्मनांनी देशाचा उत्तर आणि मध्य भाग आपल्या ताब्यात घेतला, आणि युद्ध इटलीशी न राहता इटलीच्या भूमीवर जर्मनांशी सुरू झाले. 1944 च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत कासिनोच्या डोंगराखाली दोस्तांच्या चार चढाया झाल्या. चौथ्या हिंदी डिव्हिजनने तिथे फार मोठी किंमत मोजली. 4 जूनला रोम पडले. दोनच दिवसांनी दोस्त फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या आणि जगातल्या वर्तमानपत्रांचे पहिले पान तिकडे गेले. इटलीची आघाडी तेव्हापासून दुय्यम ठरली. तिथे मरणाऱ्यांच्या लेखी अर्थातच तसे काही नव्हते.

रोमनंतर जर्मन फौज पळत सुटली नाही. उत्तरेला डोंगररांगांमध्ये ‘गॉथिक लाइन’ नावाची मजबूत तटबंदी उभारली जात होती, आणि ती पुरी होईपर्यंत दोस्तांना रेंगाळत ठेवायचे होते. म्हणून प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर, दगडी घरांच्या आडोशाला मशीनगनचे मोर्चे लावायचे, पुढे येणाऱ्यांना दिवस-दोन दिवस अडवायचे, आणि मग मागच्या टेकडीवर सरकायचे, असे त्यांचे तंत्र होते. उंब्रिया प्रांतातून वाहणाऱ्या टायबरच्या दोन्ही बाजूंना अशा टेकड्या रांगेने उभ्या आहेत. खाली द्राक्षमळे, उतारावर ऑलिव्ह, वर ओकची झाडी. 20 जूनला पेरुजा शहर मुक्त झाले. त्याच्या उत्तरेला उंबर्टिडे, मोन्टोने, चित्ता दी कास्तेल्लो ही गावे लागतात. दहाव्या हिंदी डिव्हिजनला हे खोरे टेकडी-टेकडीने जिंकायचे होते.

त्या खोऱ्यातल्या माणसांवर तेव्हा काय गुदरत होते हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खोऱ्याच्या पूर्वेला गुब्बिओ नावाचे प्राचीन शहर आहे. 22 जून 1944 रोजी जर्मनांनी तिथल्या चाळीस नागरिकांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. आदल्या-मागल्या दिवसांत एका जर्मन अधिकाऱ्यावर झालेल्या हल्ल्याचा तो सूड होता. मेलेल्यांत स्त्रियाही होत्या. पळसगावच्या नाईकाचा मृत्यू यानंतर अठरा दिवसांनी झाला, आणि त्या चाळीसजणांच्या शहरापासून फार दूर झाला नाही. ‘दुसऱ्यांच्या युद्धात मेला’ असे म्हणताना हे ‘दुसरे’ कोण होते, हेही पाहावे लागते.

10 जुलै. मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी शत्रूच्या भक्कम मोर्चावर चालून गेली. घाडगे यांचा सेक्शन अगदी जवळच्या अंतरावरून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. काही क्षणांत सेक्शनमधले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले फक्त नाईक.

इथे मागे फिरण्याला कोणी भ्याडपणा म्हटले नसते. पायदळाचे साधे गणित असे की मशीनगनवर चाल करायची तर काहींनी गोळीबार करून तिला गुंतवून ठेवायचे आणि इतरांनी बाजूने पुढे सरकायचे. गुंतवून ठेवायला कोणी उरले नसेल, तर गणितच संपते. सोबत येणारा एकही माणूस शिल्लक नाही हे पक्के ठाऊक असूनही ते क्षणभर न थबकता मशीनगनच्या दिशेने धावले, असे पदकाच्या प्रशस्तिपत्रात स्पष्ट नोंदवले आहे.

त्यांनी आधी हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमीगनने तोफखान्यातल्या नव्हे, त्याच मोर्चातल्या आणखी एका शिपायाला गोळी घातली. मॅगझिन रिकामे झाले. नवे बसवायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली, आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी ठार केले. मोर्चा एकट्याने जिंकला. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला.

एवढी ही घटना. वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात ती घडून गेली असणार.

प्रशस्तिपत्र हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोनदा वाचावा असा कागद असतो. पहिल्यांदा काय सांगितले आहे ते वाचायचे, दुसऱ्यांदा काय सांगितलेले नाही ते. घाडगे यांच्या प्रशस्तिपत्रात टेकडीचे नाव नाही, गावाचे नाव नाही; ‘इटलीत’ एवढाच पत्ता आहे. युद्ध चालू असताना जागा जाहीर न करण्याची ती रीत होती. नाईकांच्या सेक्शनमधल्या जवानांपैकी एकाचेही नाव नाही. ते एका वाक्यात ठार वा जखमी होतात आणि मजकुरातून निघून जातात. वास्तविक त्या वाक्यावरच सारे उभे आहे. सेक्शन पडला नसता तर नाईक एकटा पडला नसता. आणि ज्यांना बंदुकीच्या दस्त्याने मरण आले त्या दोघा जर्मनांविषयी तर काहीच नाही. तीही विशीतली पोरे असतील-नसतील. प्रशस्तिपत्राला त्याच्याशी कर्तव्य नसते. समोरासमोर, हाताच्या अंतरावर माणूस मारणे ही किती भयंकर गोष्ट आहे, याची जाणीव न ठेवता या प्रसंगाचे पोवाडे गाणे सोपे आहे. घाडगे यांना मात्र ती गोष्ट स्वतःच्या हातांनी करावी लागली.

शेवटच्या वाक्यात त्यांना ‘हिंदी एनसीओ’ म्हटले आहे. नाव आहे, हुद्दा आहे, पण कौतुकाच्या टोकाला आल्यावर शब्द येतो तो ‘हिंदी’. साम्राज्याच्या कौतुकाची ही तऱ्हा जुनी होती. 1911 पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळतच नसे. त्याच्यासाठी वेगळे ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ होते. दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने ती अट काढली. पहिल्या महायुद्धात, 1914 मध्ये, बेल्जियममध्ये लढलेले खुदादाद खान हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी शिपाई ठरले.

घाडगे यांचे पदक त्यांच्या तरुण पत्नीला देण्यात आले. ब्राँझचा लहानसा क्रॉस, किरमिजी फीत, आणि त्यावर ‘फॉर व्हॅलर’ हे दोन इंग्रजी शब्द. सरकारला अशा पदकांचा उपयोग होता. युद्ध संपता संपता तीन हिंदी डिव्हिजनांच्या इटलीतल्या कामगिरीवर ‘द टायगर ट्रायम्फ्स’ नावाचे पुस्तक सरकारनेच काढले. साम्राज्याने आपल्या शूरांची आठवण ठेवली हे खरेच; भरती चालू राहावी यासाठीही ठेवली, हेही खरे.

त्याच जुलै महिन्यात इतरत्र काय चालले होते हे एकत्र मांडले की चित्र अवघड होते. इंफाळच्या आघाडीवरून जपानी फौज आणि तिच्यासोबतची आझाद हिंद सेना पावसाचिखलातून माघार घेत होती. त्या सेनेत असे हजारो होते जे कालपर्यंत घाडगे यांच्यासारखेच हिंदी सैन्यातले शिपाई होते. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजी सत्तेला न जुमानता न्यायनिवाडे करत होते, आणि त्याच जिल्ह्यातून मराठा लाइट इन्फंट्रीला जवान मिळत होते. एकाच गावातला एक भाऊ भूमिगत आणि दुसरा इटलीत, हे त्या काळात अशक्य नव्हते. गांधीजी नुकतेच, मे महिन्यात, आगाखान पॅलेसमधून सुटले होते.

यांतला देशभक्त कोण, हा प्रश्न आज मोठ्या आवेशाने विचारला जातो. तो प्रश्न चुकीचा नाही, पण बावीस वर्षांच्या नाईकापुढे टाकण्याचा तो प्रश्न नव्हे. त्या क्षणी त्याच्यासमोर साम्राज्य नव्हते. पडलेली आपली माणसे होती, आणि त्यांच्यावर अजून आग ओकणारी एक बंदूक होती. जखमींवर ती पुन्हा वळली असती. पोरांना तिथे टाकून जायचे नाही, एवढे जरी कारण मानले तरी ते पुरेसे आहे, आणि त्याला कोणत्याही राजाची गरज नाही.

याच रेजिमेंटच्या दुसऱ्या एका जवानाची गोष्ट यासोबत वाचावी. नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले. नोंदीनुसार त्यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1921 चा, म्हणजे घाडगे यांच्यानंतर दोनच दिवसांनी. मधल्या दिवशी युवराज मुंबईत उतरले होते. 9 एप्रिल 1945 रोजी उत्तर इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी सोबत्यांना माऱ्यातून पाण्यापलीकडे सुरक्षित पोचवले, मग एकट्याने मशीनगनचे मोर्चे बंद पाडले, आणि काठावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्यांना बोलावून घेतले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परतले, आणि 1984 पर्यंत जगले. दोन दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघांतल्या एकाला चाळीस वर्षे अधिक मिळाली. इटलीच्या आघाडीवर एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले; त्यांतले सहा हिंदी सैन्यातील जवानांचे, आणि त्या सहांपैकी दोन या एका रेजिमेंटचे.

मग 1947 आले, आणि आठवणींची वही बदलली. 26 जानेवारी 1950 रोजी परमवीर चक्र स्थापन झाले. त्याचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांनी केले. त्या जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी. इंद्राच्या वज्राचे चिन्ह असलेले हे पदक नव्या देशाचे होते, त्यामुळे त्याची यादी 1947 च्या काश्मीर युद्धापासून सुरू होते, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे तीन वर्षे आधी मेलेला नाईक कोणत्याच यादीत नीट बसेनासा झाला. स्वातंत्र्यसैनिकांत तो नाही, परमवीरांतही नाही. जानेवारी 2023 मध्ये अंदमानच्या एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावे देण्यात आली. तिथेही त्याचे नाव येण्याचा प्रश्न नव्हता.

खुद्द त्यांची पलटण मात्र या सीमेवर थबकली नाही. तिसरी मराठा छत्रीधारी बनली. 1948 मध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडमधून ती झांगरसाठी लढली. 1952 मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, आणि 11 डिसेंबर 1971 रोजी पूर्व पाकिस्तानात टांगाइलवर आकाशातून उतरली ती हीच. टांगाइलची उडी अनेकांना ठाऊक आहे. तीच पलटण सत्तावीस वर्षांपूर्वी टायबरच्या खोऱ्यात होती, हे क्वचितच कोणी सांगते. 1947 साली झेंडा बदलला, तरी बराकीत माणसे तीच होती.

माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारी वाहने त्या गावातून रोज हजारोंनी जातात, आणि कोंडीत अडकलेली असली तर बराच वेळ थांबतातही.

इटलीतल्या मोन्टोने गावाने त्यांच्यासाठी वेगळेच काही केले. जुलै 2023 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या एकोणऐंशी वर्षांनंतर, तिथे ‘व्हिक्टोरिया क्रॉस यशवंत घाडगे’ यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. इटलीच्या मोहिमेत लढलेल्या सर्व भारतीय सैनिकांचे ते स्मारक आहे. त्यावर एक लॅटिन वचन कोरले आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्याचा अर्थ. त्या मोहिमेत 50,000 हून अधिक भारतीय लढले, आणि 5,782 तिथेच मेले. मोन्टोनेच्या लोकांना 1944 मध्ये आलेले हे सावळे शिपाई साम्राज्याचे नोकर म्हणून आठवत नाहीत. जर्मन गेले आणि हे आले, असे आठवतात. स्वतःच्या देशात पारतंत्र्यात असलेल्या माणसांनी परक्या गावाला स्वातंत्र्य पोचवले, ही गोष्ट त्या गावाने आपल्या मुलांना सांगण्याजोगी मानली.

घाडगे यांना थडगे नाही. त्यांचा देह मिळाला नाही. मोन्टोनेच्या बरेच दक्षिणेला, कासिनोच्या युद्धस्मशानात, ज्यांचे देह मिळाले नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. हिरव्या संगमरवरी शिळांवर रेजिमेंटवार नावे कोरली आहेत. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रांगेत ‘घाडगे’ हे आडनाव शोधावे लागते. त्याच्या वर आणि खाली त्याच रेजिमेंटच्या इतर जवानांची नावे आहेत, सारख्याच उंचीच्या अक्षरांत.